सहा सूत

कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत
सिराजभाईंकडे मास्टर सिलिंडर गोणीत असतात,
बटाट्यांसारखे. मातीऐवजी ग्रीस.
"कोणत्या गाडीचा पाहिजे?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पुढची चाकं एकीची, मागचा ॲक्सल दुसरीचा,
सांगाडा मामंजींनी आणि मी वेल्ड केलेला,
भांडुपला, पाण्याच्या टाकीमागे,
दोन दिवाळ्या झाल्या त्याला.
"मग पायाचं सांगा," सिराजभाई म्हणाले,
चपलेच्या दुकानात विचारावं तसं.

मामंजी बेस्टच्या वर्कशॉपमधले.
तीस वर्षं हवेच्या ब्रेकवर बसगाड्या थांबवल्या,
तेलावर त्यांचा भरवसा कमी.
गोणीतून त्यांनी एक जाडजूड बिडाचा उचलला:
"हा घे. सात सूत.
पेडल कसं दगडासारखं लागेल."

दगड मला नको होता.
बूस्टर नाहीये आपल्याकडे, मामंजी.
मदत म्हणजे फक्त माझी पोटरी.
सात सुताचा पिस्टन थोडक्यात पुष्कळ तेल ढकलतो
पण दाब कमी देतो, उरलेला जोर पायाने भरायचा.
सहा सुताला पाय लांब न्यावा लागतो,
पण तो चावतो.
आणि कप्पे दोन हवेत,
एक पुढच्या चाकांना, एक मागच्या.
एकाने दगा दिला तर दुसरा.
मी बोलत होते
आणि ते व्हर्नियरचा जबडा सदऱ्याला पुसत होते.

मग आम्ही दोघं खाली बसलो.
प्रत्येकात करंगळी घालायची, भिंतीवरून नख फिरवायचं.
नख अडलं की परत गोणीत.
मी सायनला डायलिसिसच्या मशीनवर असते, सकाळपाळी.
शीर मी डोळ्यांनी नाही, बोटाने शोधते.
अकरा गेले.
बाराव्यात नख तेलावर घसरलं, सरळ तळापर्यंत.
मामंजींनी मोजला: एकोणीस पूर्णांक शून्य पाच.
पुन्हा मोजला.
पाऊण इंच, म्हणजे सहा सूत,
आणि सहा सुतांवर आमचं सूत जुळलं.
अंगावरचा नंबर झिजलेला,
शेवटचा आकडा चार किंवा नऊ.
"कोणत्या गाडीचा हा?"
"ते त्यालाच विचारा," सिराजभाई म्हणाले
आणि रबराची किट वेगळी लावली. एकशेऐंशी.

सिलिंडर फळीखाली बसला, कॅलिपरच्याही खाली.
पाय काढला की तेल माघारी येणार,
म्हणून मध्ये एक छोटी झडप.
ही आठवण मामंजींची.
"पाणी उतार शोधतं. तेल काय सोवळ्यातलं आहे?"
पुशरॉडला पोस्टकार्डाच्या जाडीइतकी मोकळीक ठेवली,
नाहीतर पाय काढला तरी धरूनच बसतो,
आमच्या घरातल्या काही जणांसारखा.

रविवारी हवा काढली.
ते पेडलवर, गुडघ्याला पट्टा बांधून,
मी खाली पाठीवर, हातात बाटली आणि पारदर्शक नळी
(दवाखान्यातली नव्हे, आधीच सांगते).
दाबा. धरा. हं, सोडा.
कामावर नळीत एवढासा बुडबुडा दिसला
तर मशीन किंचाळतं.
इथे मी एकेकाची वाट बघत पडले होते.
"जन्मभर हवेवर पोट भरलं," वरून आवाज आला,
"आणि सून म्हणते हवा काढा."
दाबा.
"तोंड चालू असलं तरी पाय हलवत नाही मी."
धरा.

इंजिन अजून लाकडी ठोकळ्यांवर आहे.
डाबरेंच्या दोन मुलांनी गाडी ढकलली,
मी आत, गेटच्या उतारावर.
मीटरच्या पेटीपासून हातभर अलीकडे थांबली.
मुलं ओरडली. मामंजी वाकून चाक बघत होते.
"उजवं पुढचं जरा उशिरा धरतंय."

काल वीजबिल शोधताना
बिलांच्या गठ्ठ्यावर तो सात सुताचा दिसला,
रॉकेलने धुतलेला, वर्तमानपत्रावर.
कधी विकत घेतला, विचारलं नाही.
आत करंगळी घालून पाहिली.
नख कुठेच अडलं नाही.